भाड्याच्या आरव्हीतील स्वयंपाकघर: हाफ मून बे ते टिलामूक

आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने देणाऱ्या अमेरिकन कंपन्यांच्या जाहिरातींत स्वयंपाकघराला मोठा मान असतो. तीन बर्नरची शेगडी, ओव्हन, मायक्रोवेव्ह, फ्रीझरसह फ्रिज आणि दोन कप्प्यांचे सिंक अशी यादी वाचली की घरचा ओटाच चाकांवर निघाला आहे असे वाटू लागते. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातील अशाच एका मोठ्या कंपनीकडून २५ फूट लांबीची ‘क्लास सी’ प्रकारची, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर घराची पेटी बसवलेली, आरव्ही घेतली आणि कॅलिफोर्नियातील हाफ मून बेपासून हायवे १ व पुढे १०१ या किनारी रस्त्यांनी ऑरेगनमधील टिलामूकपर्यंत, सुमारे ७०० मैल, गेलो. सोबत पती, मुलगी आणि हर्णैहून काही महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई होत्या. गाडी वळणावर कशी झुकते, गाद्या किती मऊ आहेत, यांविषयी इतरांनी भरपूर लिहिले आहे. हा अभिप्राय केवळ स्वयंपाकघराचा आणि त्यातून झालेल्या जेवणाचा आहे. माझे मत आधीच सांगते. त्या यादीतील शेगडी आणि फ्रिज या दोनच वस्तूंवर भरवसा ठेवावा, बाकीच्यांचे भाडे आपण शोभेसाठी भरतो. मात्र हा किनारा असा आहे की तेवढ्या दोन वस्तूंवरही माणूस रस्त्याकडेच्या बहुतेक उपाहारगृहांपेक्षा चांगले जेवू शकतो.

शोभेच्या वस्तूंपासून सुरुवात करते. आरव्हीमध्ये दोन प्रकारची वीज असते. दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, पण मायक्रोवेव्ह, मिक्सर, इंडक्शन किंवा इन्स्टंट पॉट (विजेवरचा कुकर) यांना घरासारखी १२० व्होल्टची वीज लागते आणि ती आमच्यासारख्या गाडीत दोनच मार्गांनी मिळते: कॅम्पसाइटवरील खांबाला जाड केबल जोडून, किंवा गाडीतील जनरेटर चालवून. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील बहुतेक स्टेट पार्कांत असा खांबच नाही. जनरेटर चालवण्यास तेथे सकाळी १० ते रात्री ८ एवढीच परवानगी असते, म्हणजे सकाळचा नाश्ता आणि उशिराचे जेवण या दोन्ही वेळा नेमक्या त्याबाहेर पडतात. शिवाय आमच्या कंपनीने जनरेटरच्या वापराचे तासागणिक वेगळे पैसे लावले होते, आणि ही बाब करारात बारीक अक्षरांत होती. खांब मिळाला तरी तो या आकाराच्या गाडीसाठी ३० अँपिअरचा असतो, म्हणजे जेमतेम ३,६०० वॉट. इन्स्टंट पॉटमध्ये डाळ, मायक्रोवेव्हमध्ये दूध आणि विजेवरचा हीटर असे सारे एकदम चालू केले की ब्रेकर पडतो आणि मग रात्रीच्या अंधारात कोणीतरी टॉर्च घेऊन पेटी शोधत बसतो. इन्स्टंट पॉट घरी ठेवून साधा तीन लिटरचा शिट्टीचा कुकर नेणे हेच शहाणपणाचे, कारण तो फक्त गॅस मागतो आणि गॅस गाडीत नेहमी असतो.

शेगडी प्रोपेन गॅसवर चालते आणि ती प्रामाणिक आहे. तिचा एक बर्नर मोठा व दोन लहान असतात. ज्वाला घरच्या शेगडीपेक्षा मंद, त्यामुळे चार माणसांच्या भाताला पाणी उकळायला धीर धरावा लागतो. तीन बर्नर हे केवळ कागदावर. ते इतके जवळ आहेत की कुकर आणि तवा ठेवला की तिसऱ्यावर चहाचे लहान पातेलेही तिरके बसते. मात्र मंद आचेचे फायदेही आहेत. वाटण करपत नाही, घावन शांतपणे सुटते आणि भाकरी तव्यावरून काढून थेट ज्वाळेवर फुगवता येते, जे आजच्या अनेक अमेरिकन घरांतील काचेच्या विद्युत शेगडीवर होत नाही. सासूबाईंनी गाडीतील एकाच वस्तूची स्तुती केली आणि ती शेगडीची होती.

गाडी ताब्यात देताना कंपनीच्या माणसाने शौचालयाची टाकी कशी रिकामी करावी हे दोनदा समजावले, पण शेगडीवरच्या चिमणीविषयी अवाक्षर काढले नाही. पुष्कळ आरव्हींमध्ये या चिमणीचे तोंड गाडीच्या बाहेरील भिंतीवर उघडते आणि प्रवासात ते फडफडू नये म्हणून त्यावरील झडप बाहेरून खिटीने बंद केलेली असते. ती खिटी खाली उतरून, बाहेर जाऊन सोडल्याशिवाय आतला पंखा कितीही फिरला तरी धूर गाडीतच घुमतो. छताला धुराचा अलार्म आणि प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत गॅसगळतीचा अलार्म, अशा दोन पहारेकऱ्यांमध्ये सुक्या मिरच्यांची फोडणी द्यायची असते हे लक्षात ठेवावे. झडप उघडी, छताची खिडकी उघडी आणि शेगडीजवळची एक खिडकी किंचित उघडी, एवढे केले की अलार्म गप्प राहतो; ही हवा खेळती ठेवणे कार्बन मोनॉक्साइडच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. तळणाचे काम मात्र आम्ही बाहेर, सोबत नेलेल्या एका बर्नरच्या सुट्या शेगडीवरच केले. ज्या पलंगावर झोपायचे तो कढईपासून पाच फुटांवर असताना मासे आत तळणे म्हणजे उशीला रव्याचा वास लावून घेणे होय.

ओव्हनविषयी थोडक्यात. तो खालून एका बाजूने जळतो, वरून कोरा राहतो, आणि दर वेळी गुडघ्यांवर बसून पायलट, म्हणजे आतली लहान ज्योत, पेटवावा लागतो. त्याचा आम्हाला झालेला एकमेव उपयोग म्हणजे दही. पॅसिफिक किनाऱ्यावर उन्हाळ्यातही धुके आणि गारवा असतो, गाडीत दूध विरजले तर दुसऱ्या दिवशीही दूधच राहते. पण ओव्हन काही मिनिटे तापवून, बंद करून, टॉवेलात गुंडाळलेले भांडे रात्रभर आत ठेवले की सकाळी घट्ट दही मिळते.

फ्रिजचे प्रकरण जरा निराळे आहे. भाड्याच्या जुन्या धाटणीच्या आरव्हींत घरासारखा कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया आणि पाण्याच्या मिश्रणाला उष्णता देऊन थंडावा निर्माण करणारा शोषण-पद्धतीचा फ्रिज असतो, जो वीज असेल तर विजेवर आणि नसेल तर प्रोपेनवर चालतो. वीज नसलेल्या कॅम्पसाइटवर हे वरदानच आहे. पण त्याच्या दोन अटी आहेत. पहिली, तो थंड व्हायला रात्र लागते, म्हणून गाडी ताब्यात घेताना तो आधीपासून चालू ठेवला आहे का हे विचारावे. आमचा बंद होता. दुसरी, गाडी बऱ्यापैकी सपाट उभी असली पाहिजे, कारण आतील द्रव गुरुत्वाकर्षणाने फिरतो. उतारावर उभ्या गाडीत फ्रिज नुसता काम करत नाही एवढेच नव्हे, तर बिघडूही शकतो. त्यामुळे मुक्कामाला पोहोचल्यावर चाकांखाली ठोकळे घालून गाडी समतल करणे हे आमच्याकडे चहाच्या आधीचे काम ठरले. दूध, भाज्या, चीज यांसाठी हा फ्रिज पुरेसा आहे. ताज्या मासळीसाठी मी त्याच्यावर विसंबणार नाही. आम्ही एक वेगळी बर्फाची पेटी ठेवली होती, बंदरांवर बर्फ सहज मिळत होता आणि मासे त्याच दिवशी संपवण्याचा नियम पाळला.

या पेटीतील सर्वांत उपयोगी वस्तू घरून आली होती: भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण, प्लास्टिकच्या पिशव्यांत पातळ पसरून गोठवलेले. पहिले काही दिवस ते बर्फाचे काम करते, नंतर एकेक पिशवी मोडून कालवणात जाते, आणि मिक्सरची गरजच उरत नाही. सोबत आगळाची बाटली, आमसुले, मालवणी मसाला, तांदळाचे पीठ आणि पोहे होते. सोनोमाच्या उत्तरेला किनाऱ्यालगत भारतीय किराणा मिळेल ही आशा ठेवू नये. नारळाच्या दुधाचे डबे मात्र लहान गावांतील दुकानांतही मिळतात, त्यामुळे सोलकढीचा खंड पडला नाही. घरच्या कुंडीतील कढीपत्ता नेण्याचा मोह टाळावा. लिंबूवर्गीय झाडांवरील सिलिड नावाची कीड कढीपत्त्यावरही जगते, आणि तिच्यामुळे कॅलिफोर्नियातील निर्बंधित भागांतून ताजी पाने बाहेर नेण्यास मनाई असते. वाळवलेली पाने नेली. चव निम्मी, पण कटकट नाही.

कंपनीने ‘किचन किट’ या नावाने भांड्यांचा संच वेगळे पैसे घेऊन दिला. त्यात पातळ बुडाचा तवा, झाकण न बसणारे पातेले, बोथट सुरी आणि चहाच्या दृष्टीने निरुपयोगी असा कॉफीचा मोठा जग होता. तो घेऊ नये. घरचा एक जाड बुडाचा तवा, कुकर, कढई, सांडशी आणि धारदार सुरी एवढ्यावर सगळे भागते. पोळपाट नेला नाही, कारण सिंकवर बसणारी लाकडी फळी आडवी टाकली तरच ओट्यावर हात-दीड हात जागा होते आणि तीवर पोळ्या लाटणे म्हणजे पीठ थेट पलंगापर्यंत. घावन आणि भाकरीवर राहणेच बरे.

आता किनारा. हाफ मून बेच्या उत्तरेला पिलर पॉइंट बंदर आहे. तेथे काही मच्छीमार नावेवरूनच थेट मासळी विकतात. कोणत्या नावेवर काय आहे हे धक्क्यावर विचारले की कळते, आणि रोख पैसे जवळ असलेले बरे. सॅमनची आशा आम्ही ठेवली नव्हती: सॅक्रामेंटो व क्लॅमथ नद्यांतील मासे घटल्यामुळे कॅलिफोर्नियात २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे व्यावसायिक सॅमन मासेमारी बंद ठेवण्यात आली. आम्ही रॉकफिश घेतला. या किनाऱ्यावर त्याच्या डझनावारी जाती आहेत, लाल-नारिंगी जाती पूर्वी बाजारात ‘रेड स्नॅपर’ म्हणून खपवल्या जात, आणि खरोखरच कालवणात तो तांबोशाची जागा बऱ्यापैकी घेतो. मांस पांढरे, घट्ट, उकळीत न विरघळणारे. डोके आणि काटा टाकून देण्याची इथल्या विक्रेत्यांची सवय असते, म्हणून सोलून देण्याआधीच ‘डोके हवे’ असे सांगावे. सासूबाईंना ते सांगण्यासाठी भाषेची गरज पडली नाही, त्यांनी बोट दाखवले. पेट्राली सोल हा चपटा मासा मिळाला तर लेप्यासारखा रव्यात तळावा. ब्लॅक कॉड मात्र आमच्या पद्धतीला मानवला नाही. तो इतका तेलकट आणि मऊ असतो की आमसुलाच्या रश्शात त्याचे तुकडे हरवले.

पेस्काडेरो परिसरात शेतांवर आर्टिचोक ही भाजी मिळते. कुकरच्या दोन शिट्ट्या, लोणी, लिंबू आणि तिखट; याहून जास्त त्यावर लिहिण्यासारखे नाही.

सॅन फ्रान्सिस्को ओलांडून हायवे १ टोमालेस बेच्या काठाने जातो, आणि मार्शल गावाजवळ हॉग आयलंड ही १९८३ मध्ये सुरू झालेली कालवांची (ऑयस्टरची) शेती आहे. शिंपल्यासकट मोठी पॅसिफिक कालवे तेथे बर्फावर मिळतात, आणि अमेरिकन माणूस ती लिंबू पिळून कच्चीच खातो. कच्च्या कालवांतून व्हिब्रिओ जिवाणूचा धोका असतो, विशेषतः पाणी उबदार असलेल्या महिन्यांत आणि यकृताचा त्रास असलेल्यांना. सत्तरी ओलांडलेली व्यक्ती बरोबर असताना आम्ही तो विचारही केला नाही. शिजवायचीच असतील तर शिंपल्यातली महाग कालवे घेण्यातही अर्थ नाही; या किनाऱ्यावर सोललेली कालवे बाटलीत भरून मिळतात आणि ती सुक्यासाठी सोयीची. आकाराने ती कोकणातल्या खडकांवरच्या कालवांच्या कितीतरी पट असतात, त्यामुळे दोन तुकडे करावे लागले आणि पाणी पुष्कळ सुटले; ते पाणी आटवण्यात मंद शेगडीने चांगलाच वेळ घेतला, पण कोकम आणि मालवणी मसाल्यात ती जी झाली त्यास तोड नव्हती. खडकांवरून स्वतः मसल या शिंपल्या गोळा करण्याचा विचार या काळात सोडून द्यावा. कॅलिफोर्नियात दर वर्षी १ मे ते ३१ ऑक्टोबर या काळात हौशी लोकांनी मसल काढून खाण्यास बंदी असते, कारण त्या महिन्यांत समुद्रातील सूक्ष्म शैवालांचे विष त्यांच्यात साठू शकते आणि ते शिजवल्याने नाहीसे होत नाही.

मेंडोसिनोच्या पुढे हायवे १ समुद्र सोडून लेगेटकडे वळतो आणि तेथे १०१ ला मिळतो. हा शेवटचा घाट स्वयंपाकघराची खरी परीक्षा घेतो. कपाटांना खिट्या आहेत, पण आतील बरण्या एकमेकींवर आपटतातच. प्रत्येक दोन भांड्यांमध्ये टॉवेल आणि तेलाची बाटली सिंकमध्ये उभी, हा उपाय उपयोगी पडला. घाटात फ्रिजचे दार उघडून दही सांडल्याची हकीकत मला दुसऱ्या एका मराठी कुटुंबाने सांगितली होती, म्हणून दाराला आम्ही पट्टाही लावला होता.

उत्तरेकडील रेडवुडच्या जंगलांतील पार्कांत एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो: अन्नाचा कणही बाहेर राहू द्यायचा नाही. कारण अस्वल हे एकच नाही. मार्बल्ड म्युरलेट हा समुद्रपक्षी या उंच झाडांवर घरटे करतो, आणि छावण्यांतील उष्ट्यावर पोसलेले स्टेलर जे हे पक्षी व कावळे त्याची अंडी आणि पिल्ले खातात. म्हणून तेथील पाट्या ‘एकही कण सांडू नका’ असे बजावतात. माशांचे काटे, भाताची शिते, बाहेर तळताना उडालेला रवा, सगळे गोळा करून प्राणी उघडू शकणार नाहीत अशा कचरापेटीत टाकावे लागते. किनाऱ्यावरच्या स्यू-मेग स्टेट पार्कात, ज्याचे पॅट्रिक्स पॉइंट हे नाव २०२१ मध्ये बदलून युरोक या मूळनिवासी लोकांच्या भाषेतील मूळ नाव परत देण्यात आले, आम्ही बाहेरच्या अग्निकुंडावर वांगी भाजली. वांगी जवळच्या आर्केटा गावाच्या प्लाझावर (चौकात) शनिवारी भरणाऱ्या शेतकरी बाजारातली होती. भाजण्याचे काम आरव्हीत करणे अशक्यच आहे, आणि लाकडाच्या धुराचा जो वास भरताला आला तो घरच्या गॅसवर येत नाही. लाकूड तेथेच विकत घ्यावे. दुसऱ्या भागातून आणलेल्या लाकडाबरोबर झाडांच्या किडी प्रवास करतात.

पाण्याचा हिशेब इथेच सांगते, कारण वीज-पाण्याच्या जोडणीशिवाय सलग राहिल्यावर तो कळतो. सिंकमधून जाणारे पाणी गाडीखालच्या ‘ग्रे’ टाकीत साठते आणि ते जमिनीवर सोडण्यास पार्कांत मनाई असते. ठरलेल्या जागीच रिकामे करावे लागते. आपल्या स्वयंपाकातील तेल आणि हळद त्या टाकीत गेली की दोन दिवसांत सिंकमधून आंबूस वास वर येतो. कढई आधी कागदाने पुसून कचऱ्यात, मग थोड्या गरम पाण्याने धुवायची, हा क्रम मोडू नये. माशांचे धुणे सिंकमध्ये करूच नये. बंदरावरच मासे साफ करण्याची टेबले असतात, तिथेच ते उरकावे.

ऑरेगनची हद्द ओलांडली की चित्र पालटते. तेथील किनाऱ्यावरील बऱ्याच स्टेट पार्कांत वीज आणि पाण्याच्या जोडण्या आहेत, आरक्षण सहा महिने आधी उघडते, आणि राज्यात विक्रीकर नसल्यामुळे किराण्याची पावती लिहिलेल्या भावाएवढीच येते. मायक्रोवेव्ह पहिल्यांदा इथे चालला; त्यात आदल्या दिवशीचा भात गरम केला. बँडन परिसरात क्रॅनबेरीची शेती आहे आणि आम्ही पोहोचलो तेव्हा तोडणीचा हंगाम सुरू होत होता. ताज्या क्रॅनबेरी, गूळ, मिरची आणि मेथीदाणे यांचा जो मेथांबा झाला तो कैरीच्या मेथांब्याच्या जवळ जातो. आंबटपणा मात्र अधिक कडवट, म्हणून गूळ सढळ हाताने घालावा.

या प्रवासाचा खरा ऐवज न्यूपोर्टला मिळाला. याक्विना उपसागराच्या काठच्या धक्क्यावर काही नावांवरून थेट मासळी विकली जाते, सी लायनचा (समुद्रसिंहांचा) आरडाओरडा चालू असतो, आणि लिलाव सोडला तर हर्णैच्या बंदराची आठवण करून देणारा तोच वास, तीच ओली फरशी. आल्बाकोर ट्यूनाचा हंगाम साधारण जुलैपासून सप्टेंबरपर्यंत असतो. आम्हाला शेवटचा माल मिळाला. पूर्ण मासा घेतला तर वजनावर भाव बराच कमी पडतो आणि थोडे जास्तीचे पैसे दिले की चार लांब तुकडे काढून मिळतात. आमच्या कुप्यासारखा तो शिजवला तर कोरडा होतो. रव्यात घोळवून कडक तापलेल्या तव्यावर प्रत्येक बाजूला जेमतेम मिनिटभर, आत गुलाबी राहू द्यायचा. सासूबाईंनी आपला वाटा पुन्हा तव्यावर टाकला, खाल्ला आणि मग मान्य केले की पहिला बरा होता. आल्बाकोरमध्ये पाऱ्याचे प्रमाण लहान ट्यूनापेक्षा जास्त असते, म्हणून लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तो आठवड्यातून एकदाच द्यावा.

खेकडे मात्र विकत घेतले नाहीत, पकडले. डंजनेस खेकड्याचा ऑरेगनमधील व्यावसायिक हंगाम १४ ऑगस्टला संपतो आणि नेहमीच्या क्रमाने १ डिसेंबरला सुरू होतो, पण उपसागरांत हौशी लोकांना वर्षभर खेकडे पकडता येतात आणि शरद ऋतूत ते मांसाने भरलेले असतात. बारा वर्षे व त्यावरील प्रत्येकाला शिंपल्या-खेकड्यांचा परवाना लागतो, तो ऑनलाइन मिळतो. जाळीची गोल कडी स्थानिक दुकानांत भाड्याने मिळते. आत कोंबडीची तंगडी बांधायची, साउथ बीचच्या सार्वजनिक धक्क्यावरून सोडायची, आणि पंधरा-वीस मिनिटांनी एका झटक्यात ओढायची. फक्त नर ठेवता येतात, तेही पाठ किमान ५¾ इंच रुंद असलेले, माणशी दिवसाला बारा. लाखेने, म्हणजे अंड्यांनी, भरलेली मादी हातात येऊन परत पाण्यात सोडणे हे सासूबाईंना मुळीच पटले नाही. अमावास्येचा खेकडा भरलेला आणि पौर्णिमेचा पोकळ हा त्यांचा हिशेबही इथे कुणी विचारला नाही. इथले लोक पायाची नळी दाबून पाहतात. ती दबली तर खेकड्याने नुकतीच कात टाकली आहे, आत पाणीच निघेल. पाय दाबण्याची ही परीक्षा मात्र त्यांना मान्य होती, कारण ती हर्णैलाही होते.

कालवणाआधी एक तपासणी आवश्यक आहे. डोमोइक आम्ल हे शैवालांतून येणारे विष खेकड्याच्या आतड्यात आणि पाठीखालच्या पिवळसर भागात साठते, आणि ज्या काळात त्याचे प्रमाण वाढते त्या काळात आरोग्य खाते तो भाग शिजवण्याआधीच काढून टाकण्यास आणि खेकडा ज्या पाण्यात शिजवला ते पाणी फेकून देण्यास सांगते. उकडून लोण्याबरोबर खाणाऱ्याला याने फारसा फरक पडत नाही. आपले कालवण मात्र नेमके त्या पाण्यावर आणि त्या पिवळ्या भागावर उभे असते, लहान पाय वाटून त्यांचा रस रश्शात घालणाऱ्यांचे तर अधिकच. म्हणून त्या दिवशीची सूचना पाहावी. आम्ही पकडले तेव्हा इशारा नव्हता, तरीही सासूबाईंच्या नापसंतीला न जुमानता आतला भाग काढूनच शिजवले. रस्सा थोडा हलका झाला. पण कडी ओढल्यापासून ताटापर्यंत दोन तासांहून कमी वेळ लागलेल्या त्या खेकड्याच्या मांसाला जो गोडवा होता तो मी गोठवलेल्या मालात कधी चाखलेला नाही, आणि गाडीच्या छोट्या टेबलावर चौघांनी कवच फोडून सांडलेले निस्तरायला जेवणाइतकाच वेळ लागला.

टिलामूकला १९०९ पासून चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या सहकारी दूध संस्थेचे मोठे केंद्र आहे. तिथले आइस्क्रीम उत्तम, चेडर चांगले, रांग लांब. स्वयंपाकाशी त्याचा संबंध एवढाच की चीज बारीक किसून घावनात घातले तर मुलगी भाजीसकट खाते.

परतीला आम्ही आय-५ महामार्ग घेतला. कॅलिफोर्नियात शिरताना हॉर्नब्रूकच्या कृषी तपासणी नाक्यावर फळे-भाज्यांची चौकशी होते, तेव्हा ऑरेगनच्या शेतांतून हौसेने भरलेल्या टोपल्या तोपर्यंत संपवाव्यात किंवा दाखवाव्यात.

गाडी परत करताना कंपनी प्रोपेन भरलेला, टाक्या रिकाम्या आणि आतील भाग वासरहित मागते. वास राहिल्यास जादा आकार घेण्याचे कलम आमच्या करारात होते. तळण बाहेर केल्यामुळे ते आम्हाला लागले नाही. ओट्यावरील पांढऱ्या लॅमिनेटला लागलेला हळदीचा डाग साबणाने जात नव्हता, पण हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून शेवटच्या थांब्यावर गाडी अशी उभी केली की खिडकीतून ओट्यावर ऊन यावे, आणि दुपारपर्यंत तो दिसेनासा झाला. पुढच्या वेळी मी १९-२० फुटांची लहान व्हॅन घेईन. तिला ओव्हन नसतो, शेगडी दोन बर्नरची असते आणि फ्रिज बहुधा १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरवर चालतो, त्यामुळे उतारावर उभे राहण्याची धास्ती नाही. २५ फुटी गाडी एका गॅलनला आठ ते दहा मैल देते आणि बंदरांच्या गल्ल्यांत तिला जागा मिळत नाही. न्यूपोर्टला धक्क्यापासून बऱ्याच अंतरावर गाडी लावून बर्फाची पेटी दोघांनी उचलून न्यावी लागली होती.